रडू आलं नाही म्हणून काय बिघडलं?

पत्र

ताई, मी नाट्यशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव अंबाजोगाईकडचं. शाळेत गॅदरिंगला, मग एकांकिका स्पर्धांत कामं केली, बक्षिसं मिळाली, म्हणून घरच्यांशी भांडून इथं आले. वर्गात आम्हाला ‘एकच प्याला’तला सिंधू-सुधाकरचा प्रवेश बसवायला दिला होता. माझं काम सरांना सारखं खोटं वाटायचं. एक दिवस ते म्हणाले, डोळे मीट आणि तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठव. मला माझे आबा आठवले. आजोबा. ते गेले तेव्हा मी दहावीत होते. त्यांचा हात, दवाखान्यातला वास, सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी हमसून हमसून रडले. तशीच प्रवेशात शिरले. वर्ग चिडीचूप. सर म्हणाले, याला म्हणतात अभिनय.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं, थोडं रडू आलं. पुढं येईना. मग मी रोज रात्री आबांना आठवून ‘तयारी’ करायला लागले. आता प्रवेशात रडू येतच नाही, पण सुट्टीत घरी गेले तर त्यांच्या फोटोपुढं उभी राहूनही आत काही हललं नाही. मी त्यांना वापरून टाकलं असं वाटतं. झोप नीट लागत नाही. त्यात माझ्या ‘पानी’वर आणि ‘कोन आलंय’वर वर्गात हशा होतो. वार्षिक नाटकात मला प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगातल्या वस्तू सांभाळायचं काम, दिलं आहे. वडील विचारतात, दोन वर्षांत जमिनीवर लोळण्याशिवाय काय शिकलीस? एका मालिकेच्या ऑडिशनचा निरोप आलाय. कॉलेज सोडून जाऊ का? मला अभिनय येतो की नाही, हेच कळेनासं झालंय.

– एक विद्यार्थिनी

उत्तर

अगं, एवढ्या प्रश्नांत तातडीचा प्रश्न एकच आहे आणि तो तू चार शब्दांत उरकून पुढं गेलीस. झोप लागत नाही. आधी ते बघू, सिंधू थांबेल.

आबांना आठवून तयारी करणं आजपासून बंद. हळूहळू कमी करते, प्रयोग झाला की सोडते, असलं काही नको. फोटोपुढं काही वाटलं नाही म्हणून तुझी माया आटली असं मुळीच समजू नकोस. एकच आठवण रोज रात्री मुद्दाम उगाळत बसलं तर मन कधीतरी कंटाळून तिच्याकडं पाठ फिरवतं, आणि त्यानं ती फिरवली हे बरंच झालं. आबा तुझ्याकडं परत येतील, फक्त त्यांना कामाला लावू नकोस. पुढच्या वेळी गावी गेलीस की आजीजवळ, चुलत्यांजवळ बसून त्यांच्याविषयी बोल, आणि दवाखाना सोडून बोल. ते कुणावर चिडायचे, बाजारातून काय आणायचे, त्यांना कुठली भाजी चालत नव्हती. यातलं काहीही वहीत लिहू नकोस, प्रवेशात आणू नकोस.

दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा मनावरचं मळभ वाढतच गेलं, तर कॉलेजात समुपदेशक असतील त्यांना गाठ. नसतील तर केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे. १४४१६ हा नंबर फिरवायचा, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. नाटकवाल्यांना अशा वेळी मदत मागण्यात उगाच कमीपणा वाटतो. कलावंतानं जळलंच पाहिजे वगैरे ऐकत आपण सगळे मोठे झालो. ज्यांना जळायचंय त्यांनी खुशाल जळावं, तू झोप.

आता सरांनी जे करायला लावलं त्याविषयी. ते दुष्ट आहेत असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. डोळे मिटून स्वतःचं दुःख आठवायला लावण्याची पद्धत जगभरच्या नाट्यवर्गांत वर्षानुवर्षं चालत आली आहे. पण ती ज्यांच्या नावावर चालते, त्या स्तानिस्लाव्हस्कींनी तिचं पुढं काय केलं, हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) हे मॉस्कोचे नट आणि दिग्दर्शक. १८९८ मध्ये त्यांनी नेमिरोविच-दान्चेन्को यांच्याबरोबर मॉस्को आर्ट थिएटर काढलं. त्यांची अडचण थेट तुझीच होती. पहिल्या प्रयोगाला जे आतून येतं ते पुढच्या प्रयोगांना कुठं जातं? रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या लिखाणात त्यांना भावनांच्या स्मृतीची कल्पना सापडली. आपण अनुभवलेली भावना आठवणीतून पुन्हा जागी करता येते, तर नटानं ती भूमिकेसाठी जागी करावी, असा तो विचार. मग त्यांच्या स्टुडिओत तुमच्या वर्गात चालतात तसे पाठ सुरू झाले.

तिथं मिखाईल चेखव नावाचा एक तरुण नट होता, प्रसिद्ध नाटककार चेखव यांचा पुतण्या. त्याची एक गोष्ट नाट्यवर्तुळात नेहमी सांगितली जाते. असाच पाठ चालू असताना त्यानं आपल्या वडिलांची अंत्ययात्रा इतकी हुबेहूब उभी केली की स्तानिस्लाव्हस्कींनी त्याला मिठीच मारली. स्मृतीची ताकद ती ही! थोड्या दिवसांनी कळलं की त्याचे वडील चांगले जिवंत आहेत, आजारी आहेत एवढंच. पठ्ठ्यानं सगळं कल्पनेतून रचलं होतं. त्याला काही काळ वर्गातून बाहेर काढलं म्हणतात, कारण काय तर, कल्पनाशक्ती फार तापलेली आहे. मला या गोष्टीत गुरूपेक्षा शिष्याचं जास्त पटतं. आणि समोर बसलेल्या जाणत्या माणसालाही खरी आठवण आणि रचलेली आठवण यांतला फरक ओळखता आला नाही, हे तू नीट ध्यानात घे. तुमच्या वर्गालाही तो ओळखता आला नसता.

पुढं स्तानिस्लाव्हस्की स्वतःच या वाटेवरून बाजूला झाले. पण तोवर ती कल्पना अमेरिकेत पोचली होती आणि ली स्ट्रासबर्ग हे दिग्दर्शक तिथल्या नटांकडून तेच पाठ कसून करून घेत होते. स्टेला अ‍ॅडलर ही त्यांच्याच ग्रुपमधली नटी, तिला या पद्धतीचा त्रास व्हायला लागला होता. १९३४ मध्ये ती पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लाव्हस्कींना भेटली, काही आठवडे त्यांच्यापाशी बसून शिकली आणि परत येऊन सहकाऱ्यांना सांगितलं की म्हातारबुवांचा भर आता नाटकातल्या परिस्थितीवर आणि कृतीवर आहे, स्वतःच्या जखमा खरवडण्यावर नाही. यावरून स्ट्रासबर्ग आणि तिचं जे बिनसलं ते कायमचं. मुद्दा हा की, ज्या पाठानं तू आजारी पडायच्या बेतात आलीस, तो न झेपणारी तू पहिली नाहीस.

आपल्याकडंही हा प्रश्न जुना आहे. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ ग्रंथावरचा पेपर तू देतेसच, तर त्याचा सातवा अध्याय पुन्हा उघड. आठ सात्त्विक भाव पाठ केले असशील : स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). अश्रू त्यात आहेत. आणि तिथंच भरतांनी शंका काढली आहे की ज्याला दुःख झालेलं नाही त्यानं दुःखाचा अभिनय करायचा कसा? त्यांचं उत्तर सत्त्वापाशी जातं आणि सत्त्व कशातून येतं, तर मन समाहित होण्यातून. म्हणजे एकाग्र, एका जागी ठरलेल्या मनातून. स्वतःच्या घरातलं मरण आठवा, असं तिथं काही म्हटलेलं नाही. परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहायची आणि सरावाच्या वर्गात ती विसरायची, ही आपली जुनी सवय.

सिंधूचंच घे. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. पहिली सिंधू बालगंधर्व. दारुड्या नवऱ्याच्या बायकोचं आयुष्य आठवायला त्यांच्यापाशी कुठली स्मृती होती? याच बालगंधर्वांची आणखी एक हकिगत आपण फार कौतुकानं सांगतो. मार्च १९११ मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरी ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. यातला त्याग वगैरे मला फारसा आवडत नाही. प्रयोग पुढं ढकलला असता तर मराठी रंगभूमी बुडाली नसती. पण नट म्हणून त्यातलं बघण्यासारखं आहे ते असं की, त्या रात्री घरात खरंखुरं दुःख होतं आणि भामिनीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. भामिनीला जे हवं होतं ते सगळं तालमींत तयार झालेलं होतं.

म्हणून आता तालमीकडं येऊ.

तुझ्या पत्रात सिंधूविषयी एकही वाक्य नाही. सुधाकर करणाऱ्या मुलाविषयी तर अक्षर नाही. तुम्ही दोघं त्या प्रवेशात समोरासमोर असता ना? तो दारातून आत येतो तेव्हा तू त्याच्याकडं बघतेस की अजून आबांकडं बघत असतेस? सरांना जे खोटं दिसत होतं ते बहुतेक इथं होतं. आणि ज्या दिवशी तू खरी रडलीस त्या दिवशीही, मला शंका आहे, सिंधू रंगमंचावर नव्हतीच. एक दहावीतली मुलगी तिच्या आजोबांसाठी रडत होती आणि सगळे चिडीचूप झाले, कारण कुणाचंही मूल असं रडताना पाहून माणसं चिडीचूपच होतात.

तर असं कर. मन लावून प्रवेश वाच आणि प्रत्येक वाक्यापाशी विचार की या क्षणी सिंधूला सुधाकरकडून काय हवंय. ‘तिला दुःख होतंय’ हे उत्तर चालणार नाही, त्यानं हातपाय हलत नाहीत. तिला त्याला दारातच थोपवायचंय. घरात काही उरलेलं नाही हे त्याच्यापासून लपवायचंय. बाळ झोपलंय, आवाज वाढू द्यायचा नाही. त्याला लाज वाटेल असा शब्द आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही. असं काहीतरी हवं की जे तुला करता येईल आणि ते जमलं की फसलं हे समोरच्या मुलाकडं बघून तुला कळेल. सिंधूची ती सोशिकता आजच्या मुलींना डोक्यात जाते, मला माहीत आहे. जाऊ दे. तिचं तुला पटलं नाही तरी तिला ते का पटतं हे शोधता येतं, आणि तिथं वकिलासारखं भांडायचं ते तिच्या बाजूनं.

मग हाताला काम दे. सिंधू दळण दळते. तुमच्याकडं घरी अजून जातं असेल, माळ्यावर नाहीतर परसात पालथं पडलेलं. सुट्टीत ते मांड आणि खरंच दळ. खुंटा कुठं धरला की खांदा भरून येतो, घास टाकताना फेर कसा मंदावतो, दळता दळता बोलायचं झालं तर श्वास कुठं घ्यावा लागतो, कुणाची चाहूल लागली की हात आधी थांबतो की मान आधी वळते. हे सगळं शरीराला कळू दे. कॉलेजात जातं नसलं तरी चालेल, नुसत्या जमिनीवर तो फेर तुला काढता येईल. आणि मग सुधाकरला आत येऊ दे. तो रोज थोडा वेगळा येईल. आज आवाज चढवून येईल, उद्या गप्प येईल. तू ठरवून ठेवलेलं काही करू नकोस, तो जसा येईल तसं त्याला थोपव. यात एखाद्या दिवशी रडू येईल, एखाद्या दिवशी येणार नाही. पण दोन्ही दिवशी प्रवेश उभा राहील.

रडण्याविषयी आणखी एक. खऱ्या आयुष्यात मोठ्या माणसांचं लक्ष रडण्याकडं नसतंच, ती रडू दाबत असतात. लग्नात पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईकडं बघ. ती ट्रंका मोजते, डबा गाडीत ठेवला का विचारते, कुणाच्या तरी अंगावर खेकसते. बघणाऱ्यांचे डोळे भरतात ते तिच्या त्या खेकसण्यानं. नाट्यगृहातही तसंच होतं. नट स्वतःच ओक्साबोक्शी रडून मोकळा झाला की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. आणि ज्या दिवशी अगदीच अश्रू हवेत त्या दिवशी श्वासाकडून जा. रडण्यात श्वास तुटतो, वर अडकतो, बरगड्या धरून ठेवतात, वाक्याचं शेवटचं अक्षर पोचत नाही. हे सगळं व्हॉइसच्या तासाला शिकवतात, फक्त तिथं त्याला कुणी रडणं म्हणत नाही.

रोज नव्यानं करता येणं, हा या धंद्याचा पाया आहे. प्रशांत दामले यांनी २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला. विनोदी नाटकांचा हिशेब गंभीर भूमिकांना लावू नये हे मान्य, पण विचार कर, व्यावसायिक नाटकाचा दौरा लागला की आज नाशिक, उद्या संभाजीनगर, परवा नांदेड, रात्रभर बस, आणि तिसरी घंटा झाली की पडदा उघडायचाच. त्या वेळी प्रत्येक गावात आपलं एकेक माणूस मारायचं ठरवलं तर माणसं पुरणार नाहीत.

सरांशी बोल. वर्गात सगळ्यांसमोर नको, तास संपल्यावर. सरळ सांग : “सर, माझ्या घरातली आठवण मला वापरायची नाही, त्याचा त्रास होतोय. मी प्रवेशातल्या परिस्थितीतून करून बघते.” जरा समजदार शिक्षक असेल तर तो हे ऐकतो. नाही ऐकलं तर विभागातल्या दुसऱ्या कुणा शिक्षकांना सोबत घे. नट घडवायचा म्हणून मुलांच्या घरातलं दुःख वर्गात उघडं करायला लावायचा हक्क कुणालाही नाही, आणि लावलंच तर तास संपण्याआधी त्या मुलाला त्यातून बाहेर आणायची जबाबदारी त्याच शिक्षकाची. तुला कुणी बाहेर आणलं नाही. ते आता तूच शिक. प्रवेश संपला की हातपाय झटकायचे, तोंड धुवायचं, सुधाकर करणाऱ्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची, चहा प्यायला जायचं आणि तिथं नाटकाविषयी एक शब्द काढायचा नाही. ऐकायला पोरकट वाटतं, पण उपयोगी पडतं.

आणि सर पुन्हा “खोटं आहे” म्हणाले तर मान खाली घालू नकोस. विचार, “कुठल्या वाक्यापाशी?” बऱ्याचदा उत्तर मिळतं की अमुक ठिकाणी तू त्याचं बोलणं संपायच्या आधीच उत्तर द्यायला तयार होतीस, किंवा तिथं तुझा आवाज एकदम वर गेला. ते दुरुस्त करता येतं. नुसतं ‘खोटं’ दुरुस्त करता येत नाही.

वडिलांचा प्रश्न रास्त आहे, रागावू नकोस. त्यांना सांग, कुस्तीच्या तालमीतही पोरं आधी कितीतरी दिवस जोर-बैठकाच काढतात, जत्रेतला फड नंतर. त्यांना हे पटेल. जमिनीवर लोळण्याचं कारण असं की, ताठरलेल्या पाठीतून आणि आखडलेल्या जबड्यातून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. दोन वर्षांपूर्वीचं तुझं एकांकिकेचं रेकॉर्डिंग कुणाकडं तरी असेल. ते बघ. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का, उगाच पावलं मागं-पुढं होतात का, हातांचं काय करायचं हे कळत नाही का, हे बघ आणि मग आजचं बघ. मला अभिनय येतो का, याचं उत्तर इतक्या बारीकसारीक गोष्टींतच सापडतं. स्पर्धेच्या बक्षिसात ते नव्हतं आणि वर्गातल्या शांततेतही नव्हतं.

‘पानी’वर येते. हसणाऱ्यांना माफ कर, त्यांच्यातल्या निम्म्यांना दुसरी बोली येतच नाही. पण ण शीक. ‘पानी’ अशुद्ध आहे म्हणून नाही, तुला उद्या पुण्याच्या वकिलीणबाई करायच्या असतील म्हणून. जीभ मागं वळवून टाळूला लावायची आणि सोडायची. ‘ट, ठ, ड, ढ’ म्हणताना ती जिथं जाते तिथंच जाऊ दे आणि आवाज नाकातून सोड. कोन-कोण, मन-मण, बान-बाण अशा जोड्या रोज पाच मिनिटं, आरशात नको, कान देऊन, मोबाइलवर रेकॉर्ड करून. काही महिन्यांत बसेल. घाई करू नकोस, आणि तालमीत काम करताना त्याचा विचार अजिबात नको, नाहीतर सिंधू ण शोधत फिरेल.

मात्र घरी फोन केलास की “काय करायलास?” असंच विचार. ते जाऊ देऊ नकोस. २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक आलं. लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातले, रंगमंचावरची मंडळी त्याच भागातली आणि भाषा त्यांच्या तोंडात होती तीच. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. त्या नाटकात कुणी घासूनपुसून ‘पाणी’ म्हणालं असतं तर गंमतच गेली असती. तुझ्या वर्गातल्या हसणाऱ्या मुलीला उद्या अशा नाटकात घ्यायचं म्हटलं तर तिला तुझ्याकडं शिकायला बसावं लागेल. आणि तेव्हा फी घे.

प्रॉपर्टी मिळाली त्याचं रडगाणं मला फार ऐकायचं नाही. प्रॉपर्टीचं टेबल लावणाऱ्याला अख्खं नाटक पाठ होतं. कुणाची एन्ट्री कुठल्या विंगेतून आणि हातात काय, ब्लॅकआऊटमध्ये कुठली खुर्ची हलते, पत्र फाडायचं असेल तर रोज नवीन पत्र कुणी लिहायचं. विंगेत उभं राहून तू रोज एकाच नटाला तेच वाक्य टाकताना बघशील. कुठल्या दिवशी ते लागतं आणि कुठल्या दिवशी वाया जातं, हे तिथून जितकं कळतं तितकं मधे उभं राहून कळत नाही. टेबलावर पांढरा कागद चिकटव, प्रत्येक वस्तूच्या जागेभोवती पेननं रेघ मार आणि नाव लिही. रिकामी रेघ दिसली की काय परत आलेलं नाही ते लगेच समजतं. वार्षिक नाटकाला वडिलांना बोलाव, आणि प्रयोगाआधी ते टेबल त्यांना दाखव.

राहिली मालिका. ऑडिशनला जायला काहीच हरकत नाही, अनुभव म्हणून जा. पण निवड झाली तरी कॉलेज सोडू नकोस, निदान आत्ता नको. रोजच्या मालिकेत दिवसाचे बारा-बारा तास सेटवर जातात. सीन बऱ्याचदा ऐनवेळी हातात पडतो, त्यावर विचार करायला कुणी थांबत नाही. जे आधीपासून अंगात मुरलंय तेवढंच तिथं वापरता येतं, नवीन काही मुरायला सवड नसते. तुझ्या अंगात अजून मुरतंय. शिवाय पदवी हातात असली तर पुढं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठी अर्ज करता येतो, तिथं पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव दोन्ही मागतात. पदव्युत्तरसाठी मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पुण्याचं ललित कला केंद्र आहे. पदवी अर्धवट टाकलीस तर ही सगळी दारं एका फटक्यात बंद होतात. वर्षभरात मालिका काही संपणार नाहीत.

ऑडिशनला जाताना एकटी जाऊ नकोस, पत्ता आणि वेळ मैत्रिणीला कळवून ठेव. आधी निरोप देणाऱ्याकडून निर्मितीसंस्थेचं नाव लेखी घे आणि त्या संस्थेच्या ऑफिसात स्वतः फोन करून खात्री कर. पोर्टफोलिओचे, नोंदणीचे, ‘कार्ड’चे म्हणून कुणी पैसे मागितले, मग ते पाचशे का असेनात, तर तिथूनच परत फिर. काम देणारे पैसे देतात, घेत नाहीत.